विमानाचं इंजिन बंद पडलं तर? टाकी पुढं असावी का मागं, याचा शंभर वर्षांचा हिशोब



आपल्या शिवारात आता फवारणीचे ड्रोन फिरू लागलेत. सोयाबीन, तूर, हळद, कापूस, सगळ्यावर. धुऱ्यावर उभं राहून बघताना एक प्रश्न हमखास निघतो, "हे वरच्या वर बंद पडलं तर?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आधी जगात साठ-सत्तर वर्षं मोठ्या विमानांनी पिकावर फवारणी झाली. ती विमानं बंद पडली, रानात उतरली, पडली. त्यातून माणसं जे शिकली ते आपल्याला फुकटात मिळतंय. आज तोच इतिहास लिहितो. थोडा लांब आहे, पण फवारणीच्या हंगामाआधी वाचून ठेवा.

सुरुवात अमेरिकेतली. ३ ऑगस्ट १९२१. ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावाजवळ कॅटाल्पा झाडांची सहा एकरांची बाग होती. अळीनं पानं खाऊन टाकली होती. तिथल्या एका कीटकतज्ज्ञाच्या डोक्यात आलं की औषधाची भुकटी विमानातून सोडून बघू. सैन्याचं जेनी नावाचं जुनं विमान घेतलं. चालवायला लेफ्टनंट जॉन मॅकरेडी. मागच्या बैठकीत एटिएन डॉर्मोय नावाचा इंजिनियर, त्याच्या बाजूला पत्र्याची पेटी बसवलेली. पेटीत लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि सोमल. डॉर्मोय हातानं दांडा फिरवायचा आणि भुकटी खाली पडायची. भुकटी सोडायला प्रत्यक्षात मिनिटभरसुद्धा लागलं नाही. अळ्या मेल्या. पेपरात फोटो आले.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, लुईझियाना राज्यात तलुला इथं कापसावर चाचण्या झाल्या. मग हफ डॅलंड नावाच्या कंपनीनं खास भुकटी मारायची विमानं बनवली. त्या कंपनीत सी. ई. वूलमन नावाचा माणूस आला. हा मूळचा शेती विस्तार खात्यातला, म्हणजे आपल्या कृषी अधिकाऱ्यासारखा. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९२८ मध्ये तो धंदा विकत घेतला आणि नाव ठेवलं डेल्टा एअर सर्व्हिस. आज जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांत जिचं नाव येतं ती डेल्टा हीच. कापसाच्या किडीवर उभी राहिलेली कंपनी. पऱ्हाटीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं!

आता मुद्द्याकडं येऊ. फवारणीचं विमान पिकाच्या वर किती उंचीवरून जातं? तीन-चार मीटर. आपल्या आखाड्याच्या पत्र्याएवढं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. चौकोनी एकराचं रान दीड सेकंदात मागं पडतं. एवढ्या खाली, एवढ्या वेगानं आणि टाकी भरलेली असताना इंजिन बंद पडलं तर पायलटकडं विचार करायला वेळ नसतो. प्रवासी विमान वर असतं, त्याला घसरत जायला उंची असते. फवारणीवाल्याकडं उंचीच नाही.

इंजिन बंद का पडतं? आपल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन ज्या कारणांनी बंद पडतं, बरीचशी तीच. इंधनात पाणी येतं, कचरा येतो. ही विमानं मोठ्या विमानतळावरून नाही, रानातल्या धावपट्टीवरून उडायची. इंधन डब्यातून, पिंपातून भरलं जायचं. रात्रीच्या गारव्यानं पिंपात पाणी धरलं की ते टाकीत गेलं. इंधन कमी असताना तिरकं वळण घेतलं तर इंधन एका बाजूला सरकतं आणि नळीत हवा शिरते. आपण म्हणतो ना, इंजिनानं हवा धरली, तसंच. एअर फिल्टर भुकटीनं तुंबतो. आणि एक कारण आपल्याला नवं वाटेल. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. हवा दमट असली की बाहेर वीस अंश तापमान असतानाही आतल्या अरुंद नळीत हवा इतकी थंड होते की बर्फ होतो आणि इंजिनाचा दम कोंडतो. पावसाळ्यातली ओलसर सकाळ, म्हणजे ऐन फवारणीची वेळ, याला बरोबर जुळते.

बंद पडल्यावर करायचं काय, याचा क्रम ठरलेला आहे. पहिलं, जास्तीचा वेग असेल तर नाक थोडं वर उचलून त्या वेगाची उंची करून घ्यायची. दुसरं, टाकीतला माल सोडून द्यायचा. त्यासाठी वेगळा दांडा असतो, ओढला की टाकीचं बूड उघडतं. अमेरिकेच्या नियमात दाट वस्तीवर फवारणी करायची असेल तर निम्मा माल ४५ सेकंदांत टाकून देता आला पाहिजे, असं लिहिलेलं आहे. तिसरं, नाक लगेच खाली करून वेग टिकवायचा. चौथं, समोर जे रान दिसेल त्यात सरळ उतरायचं. मागं वळायचं नाही. धावपट्टी मागं दिसत असते आणि मन तिकडं ओढतं, पण कमी वेगात वळण घेतलं की पंखाखालची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं. समोर नीट उतरलेला वाचतो, वळायला गेलेला बहुतेक वेळा वाचत नाही.

रान कसं निवडायचं, हे वाचताना मला तर आपलाच विषय वाटला. सरी आडवी नको, सरीच्या दिशेनं उतरायचं. हळदीच्या बेडवर आडवं उतरलं तर चाक सरीत अडकून विमान तोंडावर पालथं होणार. ओल्या काळ्या रानातही तेच. भादव्यात आपल्या रानात बैल रुततो, तिथं विमानाचं चाक काय निभणार? नांगरट नको, दगडी बांध नको, बिनकठड्याची विहीर नको, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या तारा. उभं दाट पीक मात्र दरवेळी शत्रू नसतं. पंखाच्या उंचीपर्यंत आलेलं पीक विमानाला ब्रेक लावतं, हे अमेरिकेतल्या वैमानिकांच्या सरकारी पुस्तकातसुद्धा लिहिलेलं आहे. शेतकऱ्याचं पीक जातं, पण माणूस राहतो.

यात एक गणित आहे. टक्कर वेगाच्या दुपटीनं नाही, चौपटीनं वाढते. ताशी ८० किलोमीटरनं टेकलेल्या विमानाला माणूस सोसेल अशा बेतानं थांबायला नऊ-साडेनऊ फूट पुरतात, तर १६० नं टेकलेल्याला साडेसदतीस फूट लागतात. म्हणून वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं. समोरून २० चा वारा असेल तर ८० चा वेग जमिनीला ६० च लागतो आणि मार जवळपास निम्म्यावर येतो.

आता टाकीची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सैन्याची शिकाऊ विमानं स्वस्तात विकायला निघाली. लोकांनी ती घेतली, एक बैठक काढली आणि तिथं टाकी बसवली. काही विमानांत पुढची बैठक काढली, काहींत मागची. पायपर कबसारख्या हलक्या विमानात टाकी पायलटच्या पाठीमागं आली. उडताना काही फरक पडत नव्हता. फरक पडायचा तो पडल्यावर. समजा टाकीत चार क्विंटल माल आहे. विमान रानात दणकन थांबलं आणि दहापट झटका बसला, तर तो माल पाठीमागून चाळीस क्विंटलच्या जोरानं येतो. पुढं इंजिन, मागं माल, मधे माणूस. ऊस चरकात जातो तसं.

हे असं का, याचा विचार ज्यांनी केला त्यातला एक ह्यू डीहेवन. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याचं विमान दुसऱ्याला धडकलं. तो जगला, पण पोटात जबर मार बसला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की मार पडण्यानं नाही, पट्ट्याच्या बकलामुळं बसला. तेव्हा सगळे म्हणायचे, जगला ते नशीब. त्याला ते पटलं नाही. पुढं १९४२ मध्ये त्यानं उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास छापला आणि कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या जखमांवर काम उभं केलं. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाचं अंग आपण समजतो त्यापेक्षा जास्त झटका सोसतं. मारतात त्या आजूबाजूच्या वस्तू. त्या नीट मांडा.

ही गोष्ट शेताच्या विमानात आणली फ्रेड वाइक यानं. टेक्सासच्या कृषी विद्यापीठात त्यानं एजी-१ नावाचं विमान बनवलं, ते १ डिसेंबर १९५० ला उडालं. त्यामागं सरकारच्या शेती खात्याबरोबर विमान चालवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटनाही होती. वाइकनं गृहीतच धरलं की हे विमान कधीतरी पडणार. मग पडल्यावर आतला माणूस जगेल असं बनवू. बैठक उंच आणि मजबूत, खांद्यावरून पट्टे. त्याच विचारातून १९५९ पासून पायपर पॉनी नावाचं विमान बाजारात आलं. त्याची मांडणी बघा, आधी इंजिन, मग औषधाची टाकी, मग पायलट. धडक बसली तर आधी इंजिन चेपणार, मग टाकी चेपणार, माणूस शेवटी. जी टाकी माणसाला मारत होती तीच आता उशीसारखी पुढं आली. त्यातही एक खोट राहिली होती. पेट्रोलची टाकी धडातच होती, त्यामुळं आगीची भीती. ती नंतरच्या मॉडेलात पंखात नेली. म्हणजे एका दिवसात काहीच शहाणपण आलं नाही. दरवेळी कुणाचा तरी जीव गेला, मग नट-बोल्ट बदलला.

आपल्या देशानंही असं विमान बनवलं, हे नव्या पोरांना माहीत नसतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं एचए-३१ बसंत नावाचं फवारणीचं विमान तयार केलं. पहिला नमुना १९६९ मध्ये उडाला, पण जमला नाही. मग पूर्ण नव्यानं मांडणी करून ३० मार्च १९७२ ला दुसरा उडाला. ४०० अश्वशक्तीचं इंजिन, पायलटची बैठक उंच, त्याला खालचं रान नीट दिसावं म्हणून. औषधाची टाकी इंजिन आणि पायलटच्या मधे. म्हणजे वाइकचा धडा इथंही घेतलेला. १९८० पर्यंत एकूण ३९ विमानं बनली आणि काम थांबलं.

साल बघा, १९७२. आपल्याकडं दुष्काळाचं साल. संकरित ज्वारी आणि संकरित कापूस रानात आला होता, कीडही वाढली होती. तेव्हा आपला हिंगोली परभणी जिल्ह्यातच होता, वेगळा झाला १ मे १९९९ ला. कापसावर विमानानं फवारणी करायची कल्पना त्या काळात देशभर जोरात होती. पण आपल्याकडं रान तुकड्या-तुकड्याचं. एकाचा कापूस, शेजाऱ्याची तूर, पलीकडं भाजीपाला, मधे विहीर आणि ओढा. एका रेषेत दोन-तीन किलोमीटर एकच पीक असलं तर विमान परवडतं. दोन एकराच्या पट्टीवर ते सुरू करेपर्यंत संपतं, आणि औषध वाऱ्यानं दुसऱ्याच्या रानात जातं.

त्या काळानं एक चांगली गोष्ट मागं ठेवली, ती म्हणजे कायदा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम. त्यातला ४३ वा नियम हवाई फवारणीचा. त्यात काय आहे ते साध्या भाषेत सांगतो. फवारायचं क्षेत्र नीट खुणा करून दाखवणं हे फवारणाऱ्याचं काम. मान्य औषध, मान्य प्रमाण, मान्य उंची. हातपाय धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय त्यानंच करायची. किमान २४ तास आधी लोकांना जाहीर सूचना द्यायची. संबंध नसलेली माणसं आणि जनावरं ठरावीक काळ त्या रानात येऊ द्यायची नाहीत. आणि पायलटला विषबाधेची लक्षणं ओळखायचं शिक्षण पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे. आज ड्रोन येतो तेव्हा तुमच्या गावात यातलं किती होतं, मनाशी विचारा.

रानात विमान उतरणं ही अमेरिकेचीच गोष्ट आहे असं नाही. आपल्याच राज्यात, २५ जुलै २०२२ ला, बारामतीहून उडालेलं सेसना १५२ जातीचं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात कोसळत उतरलं. ते फवारणीचं नव्हतं, शिकण्याचं होतं. इंजिनाची ताकद गेल्याचं त्या वेळी बातम्यांत आलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती. किरकोळ जखमांवर वाचली. गावातली माणसं आधी धावली. आता वरचं गणित लावा. ते विमान साडेसातशे किलोच्या आतबाहेर, उतरण्याचा वेग ताशी ८० च्या आसपास, आणि पाठीमागं औषधाची टाकी नाही. तेच विमान चार क्विंटल विष घेऊन दुप्पट वेगानं पिकाच्या शेंड्यावरून जात असतं तर? आणि धावून आलेल्या माणसांच्या अंगावर काय उडालं असतं?

हे शेवटचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेल्या हंगामात आमच्या शिवारात एक भाड्याचा ड्रोन सोयाबीनमध्ये पडला. ड्रोनवाल्याचं नाव घेत नाही. चार हातांचा होता, एका हाताची मोटर बंद पडली आणि गिरकी घेत खाली आला. टाकीत पाच-सहा लिटर औषध शिल्लक होतं, ते सगळं एका वाफ्याएवढ्या जागेवर सांडलं. कुणाला लागलं नाही. पण बघायला आलेली शाळेची पोरं थेट त्याच्याकडंच पळाली. शेजारच्या आप्पांनी काठी आडवी धरून "मागं व्हा रे!" म्हणून ओरडले म्हणून थांबली. नाहीतर हात लावलाच होता.

म्हणून ड्रोन बोलावताना विमानाच्या इतिहासातनं एवढं घ्या. चार मोटरवाल्याची एक मोटर गेली की ताबा जातो. सहावाला एखाद्या वेळी तोल धरून खाली येऊ शकतो. भाडं ठरवण्याआधी विचारा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं ड्रोनला नोंदणी क्रमांक असतो आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन्ही बघायला मागा, लाजू नका. बॅटरी कमी झाली किंवा रिमोटचा संपर्क तुटला तर ड्रोन काय करणार, तिथंच उतरणार का परत येणार, हे उडवायच्या आधी त्याच्याकडून वदवून घ्या. परतीच्या वाटेवर तारा, झाड, आखाडा नको. ड्रोन आणि माणूस यात अंतर ठेवा, त्याच्या खाली कुणीच नको, वाऱ्याच्या बाजूला तर नकोच. पडलाच तर लगेच हात लावायचा नाही. त्याची लिथियमची बॅटरी दणका बसल्यावर थोड्या वेळानंही पेटते. औषध अंगावर उडालं तर कपडे काढून साबणानं भरपूर धुवायचं, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं. कोणतं विष आहे हे डॉक्टरला कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

आणि ज्यांच्या गावात ड्रोन नाही त्यांच्यासाठी. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, औषध तोंडावर येत होतं. तिथं कुठलं विमान नव्हतं. पाठीवर सोळा लिटरचा पंप होता. झाकणाचं वायसर गेलं की औषध पाठीवर गळतं, शर्ट भिजतो, घाम आणि औषध एक होतं आणि गडी दिवसभर तसाच चालतो. वाइकनं विमानातली टाकी माणसाच्या पुढं आणली. आपल्या गड्याची अजून पाठीवरच आहे. पंप पाठीवरून काढता येत नाही, मान्य. पण वायसर वीस-तीस रुपयांचं आहे. पाठीला प्लॅस्टिकचा कागद, हातमोजे, तोंडाला चांगला मास्क, वाऱ्याकडं पाठ, सकाळची वेळ, आणि सलग दिवसभर एकच माणूस नाही. सांगणं जुनंच आहे, पण करणारे कमी आहेत.

या सगळ्या इतिहासात मला एक फरक दिसला. जिथं माणसं म्हणत राहिली की मशिन बंद पडणारच नाही, तिथं माणसं मेली. जिथं कुणीतरी आधीच धरून चाललं की हे बंद पडणार, गळणार, पडणार, आणि त्या हिशोबानं टाकी, पट्टा, नियम लावला, तिथं माणसं घरी आली. यात हिंमतीचा प्रश्न नाही. मॅकरेडीकडं हिंमत भरपूर होती, यवतमाळच्या गड्याकडंही होती.

मृग निघायच्या आत पंप खाली उतरवून एकदा पाणी भरून बघा, कुठून गळतोय ते. आणि गावात ड्रोन येणार असेल तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगायला लावा. जनावरं कुणाची, विहीर कुणाची, पोरं कुणाची, ते तेव्हा विचारत बसायची वेळ येऊ नये.